सव्वादोन रत्ती

बरेच शनिवार-रविवार ह्या विषयावर लिहायचं लिहायचं म्हणत होतो, पण निकाल लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. निकाल मागच्या महिन्यात लागला. घरच्यांची परवानगी काढली (काकांनी एका अटीवर दिली, ती पुढे सांगतो), म्हणून आज हे.

गेल्या वर्षी आजी गेली. नव्वदीला आली होती, सगळं बघून, सगळ्यांना टोमणे मारून गेली, त्यामुळे त्याबद्दल फार काही लिहीत नाही. तिच्यामागं परभणीच्या घरात उरलं ते म्हणजे एक सागवानी पेटी, दोन पाटल्या, एक मोहनमाळ आणि एक अंगठी. पाटल्या आणि मोहनमाळेची वाटणी अर्ध्या तासात झाली. सोन्याचं बरं असतं, काट्यावर ठेवलं की प्रश्न संपतो. अंगठीपाशी मात्र गाडी अडली. बाबा, काका आणि आत्या तिघंही एकदम गप्प झाले, आणि आत्या म्हणाली, "ती राहू द्या लॉकरमधीच. आत्ताच काय घाई हाय?"

मला वाटलं, भावनिक कारण असेल. रात्री आईनं हळू आवाजात खरं कारण सांगितलं.

ही अंगठी आमच्या पणजोबांनी घेतलेली. ते परभणीच्या कोर्टात वकील होते. तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे कोर्टाचं सगळं काम उर्दूत. जाड सोन्याची अंगठी, मधे एकच हिरा, आणि तो चारी बाजूंनीच नाही तर मागूनही सोन्यानं बंद केलेला. बंद कोंदण. १९४८ साली रझाकारांच्या दिवसांत घरातल्या बायका-मुलांना काही महिने वऱ्हाडात वाशिमकडं पाठवलं होतं, तेव्हा ही अंगठी गोधडीच्या टाक्यांत शिवून गेली आणि तशीच परत आली. लग्नानंतर ती आजीच्या बोटात आली.

१९८७ मध्ये आजीचं बोट सुजायला लागलं म्हणून अंगठी सैल करायला सराफ्यात दिली. घेऊन गेले काका. तेव्हा त्यांचं वय एकवीस, बी.कॉम. झालेलं, नोकरी नाही. आठ दिवसांनी अंगठी आणली. आजीनं घातली, उजेडात धरली आणि म्हणाली, "ह्यात हा काळा ठिपका कुठून आला?"

हिऱ्याच्या बरोब्बर मधोमध एक बारीक काळा ठिपका दिसत होता. आधी नव्हता. आजीला आठवत नव्हता, आत्यालाही नाही. आणि खडा पहिल्यासारखा चमकतही नव्हता. पुढच्याच महिन्यात काकांनी लुना घेतली.

बस्स. एवढंच. कोणी कोणाला काही विचारलं नाही. आजीनं अंगठी काढून ठेवली, ती नंतर लॉकरमध्ये गेली, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं आमच्या घरात "खडा बदलला" हे वाक्य कोणीही उच्चारलं नाही. पण लुना म्हटलं की आत्या विषय बदलायची. हे मला लहानपणापासून दिसायचं, अर्थ आत्ता लागला.

आता मी पडलो इंजिनिअर. मला वाटलं ह्यात काय अवघड आहे? हिरा लॅबमध्ये द्यायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, विषय क्लोज! जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही उगाच म्हणत नाही. शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला, एक एक्सेल शीट केली, डावीकडं लॅबची नावं, वर निकष. जीआयए, आयजीआय, मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी, शिवाय चार-पाच छोट्या. दुपारपर्यंत शीट रंगीबेरंगी झाली आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा कॉलम भरतोय.

कारण बहुतेक लोक लॅब निवडतात ती विकण्यासाठी. कोणाचा कागद बाजारात चालतो, कोण रंग एक घर वर देतं, कोण स्वस्त. आम्हाला विकायचं नव्हतंच (सध्या तर लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांमुळं नैसर्गिक हिऱ्यांचे भाव असे खाली आलेत की विकायला काढणं म्हणजे वेडेपणा). आम्हाला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: हा १९८७ च्या आधीचाच हिरा आहे का? आणि ह्या प्रश्नाचं उत्तर देणारं सर्टिफिकेट जगातली कुठलीही लॅब छापत नाही.

मग मागच्या दारानं जावं लागतं.

पहिली गोष्ट सोपी होती. दिवाळीत परभणीला गेलो तेव्हा अंगठी घेऊन एका सराफाकडं गेलो. त्याच्याकडं पेनसारखं यंत्र असतं, टोक खड्याला लावलं की हिरा असेल तर पीं करतं. हिरा उष्णता फार वेगानं वाहून नेतो, त्यावर ते चालतं. पीं झालं. आता मॉइसनाइट नावाचा खडाही ह्या यंत्राला फसवतो, पण कृत्रिम मॉइसनाइट दागिन्यांच्या बाजारात आलं १९९८ मध्ये. १९८७ साली कोणी फसवलं असतं तर काचेनं, झिरकॉननं नाहीतर नव्यानं आलेल्या अमेरिकन डायमंडनं, आणि त्यांना हे यंत्र पीं करत नाही. म्हणजे हिरा तर हिराच आहे.

मी खुशीत होतो. सराफानं कोंदणावर गेज लावून व्यास मोजला, म्हणाला, "साडेसहा मिलीमीटर. म्हणजे एक कॅरट, थोडा इकडंतिकडं."

आणि तिथं माझी खुशी गेली. का, ते सांगतो.

आजीच्या पेटीत पणजोबांची हिशेबाची वही सापडली होती. उर्दूत. आमच्या गल्लीत उर्दू शाळेतले एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना वाचायला दिली. १३४७ फसली, म्हणजे १९३७-३८ साल, त्यात हैदराबादेत केलेल्या खरेदीची एक ओळ: अंगठी, हिरा एक, सव्वादोन रत्ती. पुढं किमतीच्या आकड्यावर नेमका शाईचा डाग!

रत्ती म्हणजे आपली गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे ९६ गुंजांचा एक तोळा, ११.६६ ग्रॅमचा. एक गुंज पडते साधारण ०.१२१५ ग्रॅम. सव्वादोन गुंजा म्हणजे ०.२७३ ग्रॅम. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा उत्तर आलं १.३७ कॅरट.

वहीत १.३७, बोटातल्या अंगठीत १. म्हणजे खडा बदललाय? आणि एवढ्यानं भागत नाही. ज्योतिषवाले रत्नं विकताना जी 'पक्की' रत्ती वापरतात ती मोठी असते, ०.१८२ ग्रॅमच्या आसपास. त्या हिशेबानं पणजोबांचा हिरा दोन कॅरटच्या वर जातो! ऑफिसमध्ये एकानं किलोमीटर आणि दुसऱ्यानं मैल धरून लिहिलेला कोड मी दुरुस्त केलेला आहे, पण त्या बगमुळं कोणाच्या काकांवर चोरीचा आळ आला नव्हता.

बाबांना हे सांगितलं नाही. पुण्याला परत येऊन पुढचे दोन वीकएंड फक्त वाचत बसलो.

वाचताना कळलं की 'जुना कट' हा एक वेगळाच प्रांत आहे. आज आपण दुकानात जो गोल हिरा बघतो त्याचं गणित १९१९ मध्ये मार्सेल टॉल्कॉव्स्की नावाच्या, लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकलेल्या, जेमतेम विशीतल्या पोरानं मांडलं. 'डायमंड डिझाइन' नावाचं छोटंसं पुस्तक आहे. आत गेलेला प्रकाश कुठल्या कोनात आपटून परत वर यायला हवा, ह्याचा हिशेब. (मी विशीत असताना कॉलेजचा टेक फेस्ट करत होतो. असो.) त्याच्या आधीचे कारागीर हे सगळं डोळ्यानं करायचे, तेही दिव्याच्या उजेडात चमकावा म्हणून. आणि दगड वाया जाऊ नये हा पहिला नियम. त्यामुळं जुन्या हिऱ्याचा वरचा भाग उंच, वरचं सपाट टेबल लहान, पोट खोल आणि आकार पूर्ण गोल नाही तर उशीसारखा, कोपरे गोलावलेला. ह्याला म्हणतात ओल्ड माइन कट. पुढं यंत्रं आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो गोल झाला, तो ओल्ड युरोपियन.

पोट खोल! म्हणजे वरून व्यास मोजून वजन काढणारं आजचं सूत्र ह्या हिऱ्याला लागूच पडत नाही. साडेसहा मिलीमीटरला एक कॅरट हे आजच्या गोल हिऱ्याचं कोष्टक. जुन्या हिऱ्याचं वजन खाली लपलेलं असतं, आणि आमच्या अंगठीत तर ते बंद कोंदणाच्या आत.

इथं लॅबचा प्रश्न खऱ्या अर्थानं सुरू झाला. आयजीआय दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याचाही रिपोर्ट देते. १९७५ साली अँटवर्पला सुरू झालेली संस्था, भारतात सगळीकडं पसरलेली, मॉलमधल्या दुकानातली निम्मी कार्डं त्यांचीच असावीत. काम सोपं, अंगठी जशीच्या तशी द्यायची आणि घ्यायची. आत्याला हेच हवं होतं, कारण "एकदा कोंदणातून खडा काढला की मग कोण कुठला बसवतंय, कुणाला ठावं?" ही भीती. तिचंही चूक नाही, तिच्या मते हे एकदा झालेलं आहे.

पण बसवलेल्या दागिन्याचा रिपोर्ट म्हणजे कोंदणातून जेवढं दिसतं तेवढ्यापुरता रिपोर्ट. वजन अंदाजे. रंगही अंदाजे, कारण लॅबमध्ये हिरा पालथा ठेवून, नमुन्याच्या खड्यांशेजारी, पोटाकडून रंग बघतात आणि आमच्या हिऱ्याचं पोट १९३७ पासून कोणी बघितलेलं नाही. समजा लॅबनं कागदावर 'अंदाजे १ कॅरट' छापलं असतं, तर तो अंदाज आहे हे बारीक अक्षरांत लिहिलेलं कोणी वाचलं असतं? काकांवर सही-शिक्क्यानिशी ठपका आला असता. तेव्हा निष्कर्ष एकच: लॅब कुठलीही असो, हिरा बाहेर काढून तोलायचा.

जीआयएचा ग्रेडिंग रिपोर्ट मुळात सुट्या हिऱ्यालाच मिळतो. ही १९३१ ची अमेरिकन संस्था, डी पासून झेड पर्यंतची रंगांची श्रेणी हिनंच १९५३ साली आणली आणि बाकी सगळे तीच वापरतात. मुंबईत बीकेसीला त्यांची लॅब आहे. सुट्या हिऱ्यासाठी आयजीआयही चाललं असतं, प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या शीटमध्ये दोघांत फरक होता तो मुख्यतः जुन्या कटाच्या नावाचा. कुठल्या हिऱ्याला 'ओल्ड युरोपियन' म्हणायचं ह्यासाठी जीआयएनं मोजता येतील असे निकष जाहीर केलेत: टेबल ५३ टक्के किंवा कमी, वरच्या भागाचा कोन ४० अंश किंवा जास्त, खालच्या बाजूचे पैलू अमुक लांबीपर्यंतच आखूड, आणि तळाचं टोक बोथट केलेलं. चारपैकी तीन जुळले पाहिजेत. आमचा हिरा उशीच्या आकाराचा असल्यामुळं त्याला हे थेट लागू नव्हतं, पण जी संस्था जुन्या कटाबद्दल इतका विचार करते ती नाव नीट लिहील असा माझा अंदाज.

तळाचं टोक बोथट केलेलं, हे वाक्य मी तेव्हा वाचलं आणि पुढं गेलो. मूर्खासारखा.

मधल्या काळात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात चौकशीला गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी भिंगातून बघून ताबडतोब सल्ला दिला, "जुना कट आहे, ह्याला उठाव नाही. रिकट करून घ्या. तीसेक टक्के वजन जाईल, पण 'एक्सलंट' येईल." मला नासक हिरा आठवला. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती लागला, लंडनच्या जवाहिऱ्यांनी एकदा घासला, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं पुन्हा घासून चौकोनी एमराल्ड कट केला. ४३.३८ कॅरट उरला. मूळचा त्याच्या दुपटीहून मोठा होता. निर्दोष झाला म्हणे! पण आता तो त्र्यंबकेश्वरातला आहे हे कागदावरूनच कळणार, अंगावरून नाही. आमच्या हिऱ्याच्या बाबतीत तर अंगावरच्या खुणा हाच एक साक्षीदार होता, आणि हे गृहस्थ त्यालाच घासून टाकायला निघाले होते.

आता मला घरी सांगणं भाग होतं. संक्रांतीला सगळे परभणीत जमले तेव्हा बाबांच्या समोर, काका-आत्यासमोर लॅपटॉप उघडला आणि समजावलं. अर्थात 'खडा बदलला का' हे शब्द मीही वापरले नाहीत. मी 'मूल्यांकन', 'नोंद' असले शब्द वापरत होतो. आत्या म्हणाली, "पर आपला हिरा गोवळकोंड्याचा हाय, ते लिवून देतील का?" मी म्हटलं, नाही देणार. गोवळकोंड्याच्या खाणी पणजोबांच्या खूप आधी संपल्या होत्या, १९३७ साली हैदराबादेत विकला जाणारा हिरा दक्षिण आफ्रिकेचा असण्याची शक्यता जास्त. आणि खाणीतून निघालेला कच्चा हिरा आधी बघितलेला असल्याशिवाय जीआयए देशाचं नाव लिहीत नाही. स्वित्झर्लंडच्या एक-दोन लॅब 'गोवळकोंडा' शब्द वापरतात, पण तो विशिष्ट प्रकारच्या अतिशुद्ध, मोठ्या हिऱ्यांसाठी. निजामाच्या जेकब हिऱ्याची गोष्ट वेगळी, तो १८४.७५ कॅरटचा. त्याच्यासकट निजामाचे १७३ दागिने भारत सरकारनं १९९५ मध्ये २१८ कोटींना घेतले. आमच्या पणजोबांचा निजामाशी संबंध म्हणजे त्याच्या कोर्टात उभं राहायचं, बस्स.

आत्या जरा हिरमुसली. काका इतका वेळ खिडकीपाशी उभे होते. हात मागं बांधलेले. ते एकदम म्हणाले,

"ह्यात सगळ्यात कडक कोण हाय?"

मी म्हटलं, "काका, तसं—"

"तसं-बिसं नको सांगू. कोण काटेकोर तोलतंय, कोण कुणाचं ऐकत नाही, तेवढं सांग. तिथंच दे. अन् मी त्या अंगठीला हात लावणार नाही. तुम्ही सगळे संग चला."

खोलीत कोणीच काही बोललं नाही. बाबा चष्मा पुसायला लागले. तेव्हा मला कळलं की 'खडा बदलला' हे वाक्य काकांनीही चाळीस वर्षं रोज ऐकलेलं आहे.

कडकपणाची गोष्ट खोटी नाही. ईजीएल नावाखाली चालणाऱ्या काही लॅब रंग आणि शुद्धता इतकी सढळ हातानं द्यायच्या की २०१४ मध्ये रॅपनेट ह्या हिऱ्यांच्या मोठ्या व्यापारी जाळ्यानं त्यांचे रिपोर्ट यादीत घेणंच बंद केलं. म्हणजे तोच खडा, कागद बदलला की दोन-तीन घरं वर. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "मार्कं वाटणारं कॉलेज." अगदी बरोबर!

जीआयए ठरलं. कोंदण उघडायचं काम पुण्यात, सोन्या मारुती चौकाजवळच्या एका वयस्कर कारागिराकडं. आम्ही पाच जण त्याच्या सहा बाय आठच्या खोलीत. मी मोबाइलवर चित्रण करतोय, आत्या कारागिराच्या खांद्यावरून वाकून बघतेय, काका दारात, हात मागं. कारागिरानं बारीक छिन्नीनं मागचा पत्रा उचलला आणि म्हणाला, "हे बघा. डांक गेलीय."

जुन्या बंद कोंदणात हिऱ्यामागं चांदीचा पातळ चकचकीत वर्ख लावायचे, तो डांक. आरशासारखा. प्रकाश मागं निसटला तरी तो परत पाठवतो आणि हिरा दुप्पट चमकतो. आमचा डांक काळा ठिक्कर पडला होता, तव्याखालच्या काजळीसारखा. कारागीर म्हणाला, "अंगठी कधी सैल केली होती का? तापवून तेजाबात बुडवली असणार. पाणी आत शिरलं की डांक संपली. बंद कोंदण पाण्यात घालायचंच नसतं."

मग त्यानं हिरा चिमट्यात धरून उजेडात फिरवला. तळाशी टोक नव्हतं. टोकाच्या जागी एक छोटासा सपाट पैलू, डोळ्यांना दिसेल एवढा. त्याला क्युलेट म्हणतात. जुने कारागीर टोक तुटू नये म्हणून ते मुद्दाम असं बोथट करायचे. वरून बघितलं की त्या खिडकीतून थेट मागचं दिसतं. मागं चकचकीत चांदी असेल तर काहीच वेगळं दिसत नाही. चांदी काळी पडली की...

"काळा ठिपका," आत्या म्हणाली.

मी वाचलेलं ते वाक्य, 'तळाचं टोक बोथट', इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि मला जोडता आलं नव्हतं. एका सराफाच्या मदतनिसानं ३८-३९ वर्षांपूर्वी अंगठी निष्काळजीपणानं पाण्यात बुडवली, एवढीच गोष्ट.

पण सांगितल्याप्रमाणं मी इंजिनिअर, आणि काकांना तर कागद हवाच होता. कारागिराच्या काट्यावर हिरा तोलला, आकडा सगळ्यांनी वाचला, पुडीवर सगळ्यांनी सह्या केल्या. चार दिवसांनी बाबा आणि काका देवगिरीनं मुंबईला आले, मी पुण्याहून पुडी घेऊन गेलो. एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं लॅबमध्ये खातं आहे, त्याच्यामार्फत हिरा दिला. दोष कुठं कुठं आहेत त्याची आकृती असलेला पूर्ण रिपोर्ट मागितला. ती आकृती म्हणजे हिऱ्याच्या बोटाचा ठसा, पुन्हा कधी कोणी शंका घेतली तर भिंग लावून जुळवून बघता येतं. (आमच्या भाषेत चेकसम.)

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. आकार आणि कट: ओल्ड माइन ब्रिलियंट. ६.६ बाय ६.४, खोली ४.८ मिलीमीटर. वजन १.३९ कॅरट. रंग एल, म्हणजे किंचित पिवळसर. शुद्धता एसआय-१. क्युलेट: लार्ज. पॉलिश गुड, सिमेट्री फेअर. आत्यानं ते 'फेअर' वाचून विचारलं, "म्हंजे पास का?" मी म्हटलं, हातानं घासलेल्या हिऱ्याला एवढंच मिळतं. कटाला तर मार्कंच नाहीत. जीआयए कटाची श्रेणी देतं ती फक्त आजच्या गोल ब्रिलियंटला, जुन्याला नुसतं नाव. काकांनी कागद उलटापालटा करून किंमत शोधली, ती लॅब कधीच लिहीत नाही.

वहीतले १.३७ आणि कागदावरचे १.३९. त्या काळी काट्यावर पाव गुंजेच्या खाली कोण तोलत होतं, आणि पाव गुंज म्हणजेच ०.१५ कॅरट. राहिली ती 'पक्की' रत्ती. तीही कारागिरानंच निकालात काढली होती: कोंदण मूळचंच आहे, कुठं छाटलेलं-जोडलेलं नाही, आणि त्यात दोन कॅरटचा खडा मावणार नाही.

आता कोणी म्हणेल, त्याच मापाचा, त्याच वजनाचा, त्याच जुन्या कटाचा दुसरा हिरा १९८७ मध्ये परभणीत आणून बसवला नसेल कशावरून? नसेल हो. ज्याला असं करायचं त्याला लुनापेक्षा जास्त खर्च आला असता.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, बाबांचं. रिपोर्ट वाचून झाल्यावर त्यांनी ते काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, आणि मग दोघंही बराच वेळ अंगणात जाऊन बसले. काय बोलले माहीत नाही. आत्या मात्र सरळ म्हणाली, "दिलीप, चुकलं रे माझं," आणि रडली. काका म्हणाले, "आईला सांगायला पाहिजे होतं." त्याला कोणाकडंच उत्तर नव्हतं.

काकांची अट: लुना त्यांनी मित्राकडून उसने पैसे घेऊन घेतली होती आणि शेवटचे पैसे १९८९ मध्ये फेडले, हे लिहायचं. लिहिलं.

अंगठी काकांच्या मुलीला द्यायची असं आत्यानंच ठरवलं. नवा डांक लावायचा की मागून उघडं ठेवायचं ह्यावर अजून चर्चा चालू आहे. मी उघड्याच्या बाजूनं आहे, आत्याला डांक हवा. त्यात अजून एक घोळ झालाय. अंगठी तिच्या बोटात बसत नाही, थोडी सैल करावी लागणार.

काका म्हणाले, "ह्या वेळी आत्याला पाठवा."